गढीच्या पश्चिमेला

मु. बोरगढी, ता. सावनेर
२१ नोव्हेंबर १९८३

श्री. रुपराव यांस,

वर काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण पाकिटावर ते लिहावंच लागतं. मग आत लिहायला काय हरकत? तुम्ही पारसच्या वीजकेंद्रात बदली मागून घेतली हे मला भावानं सांगितलं होतं. तेव्हा मी पुढे काही विचारलं नाही. आताही चौकशी करायला लिहीत नाही. काम आहे.

मी आता पुरातत्त्व खात्यात तांत्रिक सहायक आहे. लग्नाआधीचं एम.ए. शेवटी उपयोगी पडलं. खापरखेड्याच्या नव्या क्वार्टरांसाठी पाण्याची मोठी पाइपलाइन टाकतायत आणि तिची चारी बोरगढीच्या गढीला खेटून जाते. आपल्या कॉलनीच्या गच्चीवरून दिसायची तीच गढी. तीन मजली दगडी बुरूज, वरचा मजला ढासळलेला, भिंतीतून पिंपळ आलेला. गोंड राजांच्या वेळची चौकी आहे ती, चारेकशे वर्षांची. अशा जागेजवळ खोदकाम निघालं की आमच्या ऑफिसचा एक माणूस तिथं उभा राहतो आणि निघणारी माती बघतो. जुनं काही दिसलं तर काम थांबवायचं, मोजायचं, फोटो काढायचे, उचलायचं. नाही दिसलं तर ‘निरंक’ लिहून पाठवायचं. या कामावर मला नेमलं आहे. नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

आपली वेणू गेली त्या दिवशी तुम्ही आणि चंपतभाऊजी तिला घेऊन गढीकडे गेलात, एवढंच मला माहीत आहे. दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. पुरायला बाया जात नाहीत. आणि आईला जागा सांगत नाहीत, कारण सांगितली तर ती तिथं जाऊन बसते आणि लेकराचा पाय निघत नाही. हे सगळं मला तेव्हा घरातल्या प्रत्येकानं सांगितलं. तरी मी विचारत राहिले. जेवताना विचारलं, तुम्ही ड्यूटीवरून येऊन बूट काढत असताना विचारलं. तुम्ही भिंतीकडे बघायचात. मग मी नागपूरला इतवारीत भावाकडे आले आणि तुम्ही पारसला गेलात. लोक विचारतात भांडण कशावरून झालं. भांडण झालंच नाही हे कोणाला पटत नाही.

भाऊजी आता नाहीत. ती जागा ठाऊक असलेले जगात तुम्ही एकटे आहात.

पाइपलाइन गढीच्या पूर्वेकडून जाणार आहे. चुन्याची रेघ पडली, ती बदलणं माझ्या हातात नाही. मला एवढंच सांगा, वेणू त्या रेघेत येते का? येत असेल तर कुदळ पोचण्याआधी मी तिला माझ्या हातानं बाजूला घेईन. तिला कुदळ लागू नये. बाकी माझं मागणं काही नाही.

एक कार्ड टाका.

शामला

बोरगढी
३ डिसेंबर १९८३

श्री. रुपराव यांस,

तुमचं कार्ड आलं नाही. पोस्टमन दोनदा येऊन गेला.

उत्तरेकडून काम सुरू झालं. ठेकेदाराचा सुपरवायझर ईश्वरदास म्हणून आहे, तोंडात खर्रा, डोक्यावर टॉवेल. मी चारीच्या काठावर उभी असते तर म्हणतो, “म्याडम, तुम्ही तं असं पाहून राहिल्या जसा मी तांदळात खडे मिसळून राहिलो.”

“तुमच्या भरवशावर सोडलं तर तुम्ही गढीच्या पोटातून पाइप न्याल,” मी म्हटलं.

“नेतो ना! तेवढीच गढीले मजबुती येईन.”

मजुरांत बायाच जास्त आहेत. पुरुष खणतात, बाया घमेली भरून माती वर टाकतात. त्यांतली रुख्माबाई बोरगढीचीच, माझ्याहून वयानं बरीच मोठी. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, “काय हुडकून राहिली वं बाई?” मी म्हटलं, जुनी खापरं, विटा. ती म्हणाली, “हाडं भेटतीन तुले. आमच्या गावची सारी लहान लेकरं या गढीच्या बुडीच हायेत. इथं नांगर येत नाही ना. अन् वरते चौकीदार राहे म्हणे पहिले. रातदिस पाहे.” तिची स्वतःची दोन आहेत इथं. कुठं, हे तिलाही माहीत नाही. तिला ते विचारावंसंही कधी वाटलं नाही. मला तिचा हेवा वाटला.

चार दिवसांपूर्वी उत्तरेच्या कोपऱ्याशी एक मडकं निघालं. तोंडावर मातीची पसरट परळ पालथी घातलेली, आत लहान मुलाची हाडं. मडक्याची घडण आणि वरचा मातीचा थर बघता गढीच्याच काळातलं. मी काम थांबवलं. साहेब नागपूरहून जीप घेऊन आले, फार खूश झाले. दोन दिवस आम्ही ब्रशनं माती झाडत होतो आणि ईश्वरदास बांधावर बसून तोंडातल्या तोंडात आमचा उद्धार करत होता. मग ते मूल चिठ्ठी लावून, कापसात ठेवून नागपूरला गेलं.

चहा पिताना मी साहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, “आणि अलीकडचं काही निघालं तर?”

“शंभर वर्षांच्या आतलं असेल तर ते आपल्या कायद्यात बसत नाही. गाव बघून घेईल. आपण त्यात पडायचं नाही,” ते म्हणाले. माणूस वाईट नाही. खरं तेच बोलले.

म्हणजे चारशे वर्षांपूर्वी गेलेल्या मुलासाठी मी पाइपलाइन थांबवू शकते. आपल्या मुलीसाठी मला एक कुदळ थांबवता येत नाही.

येत्या आठवड्यात चारी पूर्वेला वळेल. माझ्यावर राग असेल तर तो ठेवा. उत्तर मात्र द्या.

शामला

बोरगढी
१२ डिसेंबर १९८३

रुपराव,

तुमचं कार्ड शुक्रवारी मिळालं. “ती गढीपाशी नाही. नाल्याच्या काठी करंजाखाली ठेवली. गढीपासून लांब आहे, तुमची चारी तिकडे येत नाही. निश्चिंत राहा.” एवढंच लिहिलंत. अक्षर अजून तसंच आहे, ‘र’ला शेपूट काढायची सवय गेली नाही.

मी त्याच दुपारी नाल्यावर गेले. करंज एकच आहे, शोधावं लागलं नाही. खाली सावली होती, वाळलेली पानं होती. मला वाटलं होतं, मी रडेन. मला झोप आली. किती वर्षांत अशी झोप लागली नव्हती. रुख्माबाई शेण गोळा करत तिकडून आली आणि तिनं मला हलवून उठवलं.

“काहून वं बाई, इथं काहून निजली? इच्चूकाटा असते.”

“ऊन लागलं होतं,” मी म्हटलं.

तिनं एकदा झाडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. नंतर स्वतःच्या डब्यातला ठेचा माझ्या पोळीवर ठेवला.

शनिवारीही गेले, कालही गेले. रीत सांगते की आईनं जाऊन बसू नये. मला रीत माहीत आहे. थोडे दिवस बसेन, मग उठेन. तुम्ही माझ्यासाठी ती मोडलीत, हे मी विसरणार नाही.

कामाचं सांगते, कारण आता मला मोकळेपणानं सांगता येतं. पूर्वेला रेघेवर खड्डा घेऊन बघितला तर दगडी पायाची रांग लागली. गढीच्या बाहेरची भिंत असणार, कोणाला ठाऊकच नव्हती. तिच्यावरून पाइप नेला तर ती गेलीच. साहेबांनी विचारलं, पश्चिमेकडून न्यायला तुमची काही हरकत? तुमचं कार्ड आलं नसतं तर मी काहीतरी सबब सांगून वेळ काढला असता. आता कशाला काढू? मी हरकत नाही म्हणून लिहून दिलं. इंजिनिअर कुरकुरले, पण मानले. आज सकाळी पश्चिमेची नवी रेघ पडली. दोरीचं एक टोक ईश्वरदासनं धरलं, एक मी. तो म्हणाला, “पाहा म्याडम, भिंत वाचली तुमची. आता तं हासा!” मी हसले.

उद्यापासून तिकडे खणतील. आठवड्याभरात आटपेल.

तब्येतीला जपा. पारसची हवा कोरडी आहे, तुम्हाला खोकला होतो.

शामला

बोरगढी
२० डिसेंबर १९८३

रुपराव,

तुमची तार शनिवारी ऑफिसच्या शिपायानं इथं आणून दिली. “पश्चिमेला खोदू नका. पत्र येत आहे.” पत्र काल आलं.

तुम्ही लिहिलंत ते कळलं. चारी पूर्वेनं जाणार हे ठरलेलं, वेणू पश्चिमेला, बुरुजाच्या पायरीच्या दगडाशी. तिला धक्का लागायचा प्रश्नच नाही, मग शामलाला कशाला खरी जागा सांगून तिथं बसवायची, असं तुम्हाला वाटलं. म्हणून नाला लिहिलात. करंज आहे हे आठवलं म्हणून करंज लिहिलात. रेघ बदलेल हे तुमच्या स्वप्नातही नव्हतं. माझं पत्र मिळाल्यावर दोन दिवस जेवला नाहीत, हेही लिहिलंत.

जेवा. पश्चिमेचं काम झालं. पाइप पडले, माती लोटली. चारी पायरीच्या दगडापासून थोडी बाजूनं गेली. काही निघालं नाही. अहवाल निरंक पाठवला आहे.

येत्या रविवारी येतो म्हणता, या. खापरखेड्याच्या स्टँडवर मी असेन.

शामला

इतवारी, नागपूर
६ जानेवारी १९८४

रुपराव,

तुमचं पत्र पोचलं. परत खापरखेड्याला बदली मिळावी म्हणून अर्ज दिलात, क्वार्टर मिळेल, मी नोकरी सोडायची गरज नाही, नागपूरची बस दारावरून जाते, सगळं नीट लिहिलंत. पश्चिमेच्या त्या जागी एक छोटा दगड बसवू आणि दर अवसेला दोघं जाऊ, असंही लिहिलंत.

मला यायचं आहे. म्हणून हे लिहिते. यायचं नसतं तर तुम्हाला तिथं दगड बसवू दिला असता.

त्या दगडाखाली ती असणार नाही.

वीस तारखेच्या पत्रात मी खोटं लिहिलं. रविवारी तुम्ही आलात तेव्हा तोंडानं तेच बोलले. तुमची तार येण्याच्या आधी, गुरुवारी सकाळी, चारी पायरीच्या दगडाशी पोचली होती. मी वर काठावर उभी होते. रोजच्यासारखी माती बघत होते आणि मनात नाल्यावरचा करंज होता. खणणारा थांबला. कुदळ लागून गेली होती. मला ती आधी थांबवता आली नाही, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, ते सांगितलं.

मातीत काळे मणी दिसले. लाल वायरीत ओवलेले. आठवतं, तिची मनगटी सारखी तुटायची, दोरा टिकत नव्हता, म्हणून तुम्ही प्लांटमधून टेलिफोनची वायर आणली होती? आतली तार काढून टाकून नुसत्या लाल नळीत मणी ओवलेत. मी चिडले होते, लेकराच्या हाताला वायर कसली बांधता म्हणून. दोरा कधीच कुजला असता. वायर तशीच राहिली, रंगसुद्धा गेला नाही. बाकी फारसं राहत नाही. तुम्ही लोक पुरताना मीठ घालता ते त्यासाठीच.

ईश्वरदास खाली उतरला, त्यानं मणी बोटानं साफ केले आणि आनंदानं वर ओरडला, “म्याडम, हे तं नवं हाये! प्लास्टिक हाये पाहा. तुमच्या कामाचं नाही. चालू करू का?”

त्याचं बरोबर होतं. प्लास्टिक दिसलं की आम्ही त्या थरात पुढे बघत नाही. माझी वही उघडी होती, पेन हातात होतं. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

मी म्हटलं, “जेवायची सुट्टी करा.”

“आता? आता तं सकाळची न्याहारी उतरली नाही म्याडम.” मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. काय दिसलं त्याला कोण जाणे. टॉवेल डोक्यावरून काढला आणि गड्यांना म्हणाला, “चला रे, चला. चा पिऊन येऊ. मी पाजतो.” एरवी बिडी कोणाला देत नाही तो माणूस. सगळ्यांना गढीपलीकडे घेऊन गेला आणि बोलावल्याशिवाय आला नाही.

रुख्माबाई गेली नाही. ती चारीत उतरली, मग मी उतरले. तिनं विचारलं, “तुई होय?” मी मान हलवली. ती म्हणाली, “मले वाटलंच होतं त्या दिवशी. पण तू तं तिकडे नाल्यावर जाऊन बसे.”

“मला नाला सांगितला होता.”

“त्यानं?”

“हो.”

ती म्हणाली, “चांगला माणूस दिसते. आमच्यावाल्यानं तं काहीच सांगतलं नाही.”

ती थट्टा करत नव्हती. तेव्हा मला तुमचा राग आला नाही तो तिच्यामुळे. नंतर आला, रात्रंदिवस आला, मग गेला. तुम्ही मला वाचवायला खोटं बोललात आणि त्या खोट्याच्या भरवशावर मी दोरी धरली. यात राग कोणाचा करायचा, हे मला अजून सापडलेलं नाही.

आम्ही दोघींनी तिला गोळा केलं. माझ्याकडे ऑफिसच्या कापडी पिशव्या होत्या, नंबर घातलेल्या. त्यांत घातलं नाही. रुख्माबाईनं डोक्याची चुंबळ सोडली, तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता, त्यात घेतलं. मी म्हटलं, “बाया जात नाहीत ना पुरायला?”

“नाही जात,” ती म्हणाली. “पण माती तं रोज आपणच उचलून राहिलो. चाल.”

आम्ही गेलो. मनगटी तिच्याबरोबरच ठेवली. मीठ घातलं नाही. रुख्माबाई म्हणाली, निघताना मागं पाहू नको. तुम्हीही तेव्हा पाहिलं नसेल. मी पाहिलं. मला पाहावंच लागलं, जागा पक्की लक्षात ठेवायची होती.

परतल्यावर काम सुरू झालं. संध्याकाळी मी ‘निरंक’ लिहिलं. खात्याच्या दृष्टीनं ते खोटं नाही.

आता रविवारचं. स्टँडवर तुम्ही उतरलात तेव्हा कानाजवळचे केस पांढरे झालेले दिसले. मी ठरवून आले होते की सगळं सांगायचं. गढीपाशी पोचलो. तुम्ही पायरीचा दगड ओळखलात, बाजूला लोटलेल्या भुसभुशीत मातीवर बसलात आणि हात ठेवलात. “वाचली वं,” म्हणालात, “थोडक्यात वाचली. तुले मी पहिलेच सांगाले पाहिजे होतं.” आणि तुम्ही रडलात. वेणू गेली तेव्हा तुम्ही रडला नव्हता. किंवा रडला असाल, भाऊजींसमोर, इथंच, मला काय माहीत. मी तुम्हाला रडताना पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही विचारलंत, “वाचली ना?” मी “हो” म्हटलं.

त्यानंतर आपण बांधावर बसून माझा डबा खाल्ला. तुम्ही म्हणालात, “तुई भाकर अजून तशीच हाये, बैलाले नाल म्हणून ठोकता येते.” मी हसले. तुम्हीही हसलात. त्या घासावर मी ते सांगणार होते, नाही सांगितलं. बस निघताना तुम्ही खिडकीतून हात केलात. तोवर मला वाटत होतं की हे खोटं मला निभवता येईल. लोक निभावतात. आई-बाप मुलांशी निभावतात, बायका नवऱ्यांशी निभावतात.

पण मग तुमचं पत्र आलं, त्यात दगड आणि अवस. मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं. दर अवसेला तुम्ही पाण्याच्या पाइपावर हात ठेवून बसाल आणि मी बाजूला उभी राहीन, आणि ती कुठं आहे ते मला एकटीला माहीत असेल. तुम्ही इतकी वर्षं हेच केलंत ना? मी जेवताना विचारायची आणि तुम्ही भिंतीकडे बघायचात. मला वाटायचं, हा माणूस दगड आहे. किती जड होतं ते मला गुरुवारी कळलं. तीन आठवड्यांतच मी वाकले. तुम्ही कसं वागवलंत?

मला ते एकटीनं नको. तुमच्याबरोबर घर करायचं तर ते घेऊन करता येणार नाही.

हे वाचून तुम्ही अर्ज मागं घेतलात तर मी समजेन. कुदळ लागली, हे मी मनातून काढू शकत नाही. तुम्हीही काढू शकणार नाही. आपण एकमेकांकडे बघितलं की ते आठवेल. आधी आपल्यात नुसतं गप्प बसणं होतं, आता हेही आहे. म्हणून बोलावत नाही आणि नकोही म्हणत नाही.

जागा या पत्रात लिहिलेली नाही. लपवायची म्हणून नाही. कागदावर वाचून तुम्ही एकटेच पारसला बसून राहाल, ते मला नको.

रीतीप्रमाणे आईला जागा सांगत नाहीत. बापाला कोणी सांगायचं नाही, अशी रीत नाही. मी तुम्हाला कितीदा विचारलं. आता तुम्ही मला विचारा. मी सांगेन.

शामला